ब्रेकमधून परत मिळणारी वीज : पुण्यात नव्याने इलेक्ट्रिक गाडी चालवणाऱ्यांसाठी

नवी इलेक्ट्रिक गाडी शोरूममधून बाहेर काढल्यावर पहिल्याच सिग्नलला ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, की ब्रेक न दाबताही गाडी मंदावू लागते. पेट्रोलच्या गाडीवर वीस वर्षे हात बसलेल्या माणसाला हे खटकते. गाडीत काही बिघाड आहे की काय, असेही क्षणभर वाटून जाते. तो बिघाड नसतो. ते रिजनरेटिव्ह ब्रेकिंग असते. बोलताना सगळे त्याला नुसते ‘रीजन’ म्हणतात. गाडीचा वेग कमी होताना जी ऊर्जा एरवी ब्रेक तापवण्यात वाया गेली असती, तिचा काही भाग विजेच्या रूपाने बॅटरीत परत जातो. ती वीज किती असते, पुण्याच्या रस्त्यांवर तिचा पुरेपूर उपयोग कसा करायचा आणि कोठे तिच्यावर विसंबून राहायचे नाही, हे येथे पायरीपायरीने सांगतो.

एक गोष्ट मात्र आधीच लक्षात घ्यावी. रीजन ही कमाई नाही. वेग घेताना आपणच खर्च केलेल्या विजेपैकी काही वीज त्यातून वटाव कापून परत मिळते. म्हणून ब्रेक लावण्याची वेळच येऊ न देणे ही पहिली बचत, आणि ब्रेक लावावाच लागला तर तो रीजनने लावणे ही दुसरी. हा क्रम उलटा धरल्यामुळे नवे चालक बरीच वीज गमावतात.

आधी यंत्र समजून घ्यावे

पुणे सायकलींचे शहर होते तेव्हा टायरला घासून फिरणारा छोटा डायनॅमो सायकलला लावलेला असे. अंधार पडला की तो टायरवर टेकवायचा. दिवा लागायचा आणि त्याच क्षणी पेडल जड व्हायचे. दिव्यासाठी लागणारी ताकद आपल्या पायांतून जात असे, म्हणून तो जडपणा. इलेक्ट्रिक गाडीत हेच मोठ्या प्रमाणावर घडते. पुढे जाताना बॅटरीतली वीज मोटार फिरवते. पाय उचलला की चाकेच मोटारीला फिरवू लागतात आणि मोटार जनित्र बनते. तिच्यातून निघणारी वीज इन्व्हर्टरमधून बॅटरीत जाते, आणि ती तयार होताना चाकांना जो विरोध होतो तोच आपल्याला ब्रेकसारखा जाणवतो. जितकी जास्त वीज काढावी, तितकी गाडी जोराने मंदावते.

किती वीज परत येते

गाडी, आत बसलेली तीन माणसे आणि थोडे सामान मिळून 1,600 किलो वजन धरू. ताशी 40 किलोमीटर वेगाने धावताना एवढ्या वजनात सुमारे 27 वॉट-तास ऊर्जा साठलेली असते. 60 च्या वेगाला ती सुमारे 62 होते आणि 80 ला 110. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, हे या आकड्यांतच दिसते. आपल्या वीजबिलातले एक युनिट म्हणजे 1,000 वॉट-तास.

ताशी 40 वरून पूर्ण थांबताना या 27 पैकी दोन-तीन वॉट-तास हवेच्या आणि टायरच्या विरोधात जातात. अगदी शेवटच्या संथ टप्प्यात मोटारीतून उपयोगी वीज निघत नाही, आणि गिअर, मोटार, इन्व्हर्टर व बॅटरी मिळून उरलेल्यापैकी साधारण पाचवा हिस्सा उष्णतेत घालवतात. बॅटरीत पोहोचतात ते सुमारे 18 वॉट-तास. हीच वीज पुन्हा चाकांपर्यंत नेताना आणखी थोडी गळते, म्हणजे मूळच्या 27 पैकी 15-16 चाकाच्या कामी येतात. वटाव म्हणतो तो हा.

आता स्वारगेटहून हिंजवडीपर्यंतचा अंदाजे 20 किलोमीटरचा प्रवास घ्या. सिग्नल, स्पीडब्रेकर, मधूनच आडवी येणारी रिक्षा आणि पुलाखालची कोंडी हे सगळे मिळून 40 वेळा पूर्ण थांबण्याइतके मंदावणे होते, असे धरू. गर्दीच्या वेळी हा आकडा मुळीच जास्त नाही. चाळीस गुणिले 18 म्हणजे सुमारे पाऊण युनिटला थोडे कमी. एसी चालू ठेवून या प्रवासाला रीजनशिवाय साधारण 3.3 युनिट लागली असती, तिथे 2.6 लागतात. वीस टक्क्यांच्या आसपासची ही बचत आहे. जाऊन-येऊन वर्षातले 250 दिवस धरले तर साडेतीनशे युनिट होतात, आणि घरच्या मीटरचा दर दहा रुपये धरला तर साडेतीन हजार रुपये. रक्कम डोळे दिपवणारी नाही, पण एका चार्जमध्ये गाडी जास्त लांब जाते आणि ब्रेकचे पॅड वर्षानुवर्षे टिकतात, हा लाभ त्याहून मोठा आहे असे माझे मत आहे.

हाच हिशोब द्रुतगती मार्गाला लागू पडत नाही. तेथे ब्रेक क्वचित लागतो आणि वीज जाते ती हवा कापण्यात. हवेला दिलेली ऊर्जा कोणतीही मोटार परत आणू शकत नाही. ताशी 80 ऐवजी 100 ने गेलात तर हवेचा विरोध दीडपटीहून अधिक वाढतो, आणि तो खर्च कायमचा गेला. पेट्रोलची गाडी शहरात कमी आणि हायवेवर जास्त ॲव्हरेज देते, ही पक्की झालेली समजूत इलेक्ट्रिक गाडीच्या बाबतीत बहुधा उलटी ठरते, त्याचे मोठे कारण हेच.

पहिली पायरी : आपल्या गाडीची पद्धत ओळखावी

गाडीबरोबर मिळालेले पुस्तक उघडून दोन गोष्टी शोधाव्यात. रीजनच्या लेव्हल, म्हणजे त्याचा जोर ठरवणारे टप्पे, किती आहेत आणि त्या कोठून बदलतात, ही पहिली. टाटा नेक्सॉन ईव्हीच्या 2023 नंतरच्या आवृत्तीत आणि टियागो ईव्हीमध्ये 0 ते 3 अशा चार लेव्हल आहेत. काही गाड्यांत त्या स्टिअरिंगमागच्या पॅडलने बदलतात, काहींत बटणाने.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची असूनही विक्रेते ती सहसा सांगत नाहीत. ब्रेकचे पेडल हलके दाबल्यावर आपली गाडी आधी मोटारीने वेग कमी करते की थेट पॅड डिस्कवर टेकवते, हे पाहावे. पहिल्या प्रकारच्या गाडीत लेव्हल 0 वर असतानाही ब्रेक दाबला की वीज परत येते, त्यामुळे तेथे लेव्हल ही मुख्यतः सोयीची आणि सवयीची बाब उरते. दुसऱ्या प्रकारच्या गाडीत मात्र ब्रेकच्या पेडलवर गेलेला पाय म्हणजे वाया गेलेली वीज. पुस्तकातून उलगडा झाला नाही तर मोकळ्या रस्त्यावर लेव्हल 0 ठेवून ब्रेक अगदी हलका दाबावा आणि डॅशबोर्डवरचा पॉवर मीटर चार्जच्या, बहुधा हिरव्या, बाजूला जातो का ते पाहावे. तो गेला तर गाडी पहिल्या प्रकारची.

दुसरी पायरी : पायाला सवय लावावी

ही सवय कार्यालयाच्या वेळेत कर्वे रस्त्यावर लावू नये. रविवारी पहाटे बाणेर-बालेवाडीकडचे रुंद रस्ते मोकळे असतात. तेथे तासभर एकट्याने चालवावे. लेव्हल 1 वर सुरुवात करून समोरचा एखादा खांब नेमका धरावा आणि ब्रेक न दाबता त्या खांबाजवळ वेग ताशी दहाच्या खाली येईल अशा बेताने पाय उचलावा. पहिल्या पाच-सहा वेळा अंदाज चुकेल. मग पायाला कळू लागते.

पाय ‘उचलणे’ हा शब्दही येथे थोडा फसवा आहे, कारण पाय एकदम काढायचा नसतो. तो एखादा मिलिमीटर मागे घेतला की रीजन थोडे लागते, आणखी घेतला की वाढते. मी पहिल्या आठवड्यात लेव्हल 3 ठेवून आईला दवाखान्यात नेत होतो. सिंहगड रस्त्याच्या रांगेत मी पाय पटकन काढत आणि पटकन ठेवत होतो, आणि प्रत्येक वेळी मागच्या सीटवर आईची मान पुढे झुकत होती. राजाराम पुलापर्यंत पोहोचेपर्यंत तिला मळमळू लागले. तिने काही न बोलता खिडकीची काच खाली केली, तेव्हा माझ्या लक्षात आले. त्या दिवशी परतताना मी लेव्हल 1 ठेवली आणि पाय सावकाश मागे घेत राहिलो. आईला डुलकी लागली. मागच्या माणसाला त्रास होत असेल तर चालकाचा पाय चुकतो आहे असे समजावे. लेव्हल 2 किंवा 3 वर जाण्याची घाई करू नये.

याच सरावात ब्रेकच्या दिव्यांचीही तपासणी करावी. गाडी ठरावीक प्रमाणापेक्षा जोराने मंदावली की पेडल न दाबताही मागचे लाल दिवे लागतात, पण सौम्य रीजनला ते लागतीलच असे नाही. घरातल्या कोणाला तरी मागून दुचाकीवर सुरक्षित अंतर ठेवून यायला सांगावे आणि कोणत्या लेव्हलला दिवे लागतात हे विचारून घ्यावे. पुण्यात मागची दुचाकी आपल्या बंपरपासून हातभर अंतरावर असते, म्हणून ही माहिती ज्याची त्याला असलीच पाहिजे.

तिसरी पायरी : शहरात दूर पाहून चालवावे

सिग्नल लाल दिसतो आहे आणि आपण दोनशे मीटर मागे आहोत, अशा वेळी सिग्नलपर्यंत वेगाने जाऊन तेथे जोरदार रीजन घेणारा चालक मीटरवरची मोठी हिरवी पट्टी पाहून खूश होतो. त्याच्यापेक्षा जो तेथूनच पाय सैल सोडतो, गाडीला स्वतःच्या वेगाने वाहू देतो आणि शेवटच्या टप्प्यात हलके रीजन घेतो, त्याची वीज जास्त वाचते. वाहत जाणाऱ्या गाडीची ऊर्जा थेट अंतर कापण्यात खर्च होते, तिच्यावर वटाव लागत नाही. हिरवी पट्टी मोठी दिसणे हे काटकसरीचे लक्षण नाही. अनेकदा ते आधी घेतलेल्या नको तेवढ्या वेगाचे लक्षण असते.

स्पीडब्रेकरचेही तसेच. ताशी 40 वरून 15 पर्यंत येताना दर वेळी सुमारे 23 वॉट-तास चाकांवरून उतरतात. ओळीने पाच स्पीडब्रेकर असलेल्या गल्लीत दोन उंचवट्यांच्या मध्ये पुन्हा 40 गाठण्यात काहीच अर्थ नाही. 20-22 च्या वेगाने सलग जावे.

कोंडीत, गाडी पावलापावलाने सरकत असताना, रीजनकडून अपेक्षाच ठेवू नये. ताशी 10 च्या वेगाला गाडीत दोन वॉट-तासही नसतात. तेथे वीज खातो तो एसी. लेव्हल 1 ठेवून ब्रेकचा सरळ वापर करावा. काही गाड्या वन पेडल पद्धतीत, म्हणजे फक्त ॲक्सिलरेटरवरून पाय काढून, पूर्ण थांबतात, काही शेवटी हळूहळू सरकत राहतात. आपली कोणती हे ठाऊक नसताना चढावर किंवा पुढच्या गाडीला खेटून असताना पाय ब्रेकवरच हवा.

चौथी पायरी : घाट

पुणेकरांच्या गाडीला घाट चुकत नाही, आणि रीजनचे खरे मोल घाटातच कळते.

जुन्या चालकांची एक सवय येथे पूर्णपणे सोडावी लागते. पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलला टाकायची, ही ती सवय. पेट्रोलच्या गाडीतही ती धोक्याची होती. इलेक्ट्रिक गाडीत न्यूट्रल केले की मोटारीचा आणि चाकांचा ऊर्जेचा व्यवहार थांबतो, वीज परत येत नाही आणि सगळा भार ब्रेकच्या डिस्कवर पडतो. म्हणजे पैसाही गेला आणि सुरक्षितताही. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या लांब उतारावर हे विशेष लक्षात ठेवावे. तेथे गाडी डीमध्येच (ड्राइव्ह, म्हणजे पुढे जाण्याच्या स्थितीत) ठेवावी, लेव्हल 2 घ्यावी आणि वेग एकसारखा राखावा. मागून अवजड वाहने येत असतात, त्यामुळे एकदम लेव्हल वाढवून गाडी अचानक मंद करू नये.

सिंहगडाचे उदाहरण सांगतो. आमच्या गाडीची बॅटरी 30 युनिटची आहे. पायथ्यापासून वाहनतळापर्यंत चढताना मीटर 12 टक्क्यांनी खाली आला, म्हणजे साडेतीन युनिट गेली. शेजारी बसलेल्या मुलाने टक्के एका कागदावर लिहून घेतले होते. उतरताना लेव्हल 3 ठेवली आणि वळणांवर ब्रेकला फक्त पाय टेकवत आलो. आकडा उलट वाढताना पाहून त्याने प्रत्येक टक्क्याला मोठ्याने ओरडून सांगितले, आणि पायथ्याशी पोहोचेपर्यंत पाच टक्के परत आले होते. चढाव 600 मीटरचा धरला तर हिशोबही जवळपास हेच सांगतो. चढताना गेले ते सगळे उतरताना परत येईल, अशी आशा ठेवू नये. निम्म्याच्या आत-बाहेर मिळाले तर गाडी नीट काम करते आहे असे समजावे.

बोरघाटासाठी हाच विचार प्रवासाच्या आखणीत करावा. लोणावळा आणि खोपोली यांच्या उंचीत सुमारे साडेपाचशे मीटरचा फरक आहे. मुंबईकडे उतरताना साधारण 1.4 युनिट परत मिळतात, म्हणजे सपाट रस्त्यावरचे दहा किलोमीटर. परतीच्या वाटेवर मात्र तोच घाट चढायला साडेतीन युनिट लागतात. खोपोलीत पोहोचताना स्क्रीनवर लोणावळ्यापर्यंतची रेंज ‘पुरेशी’ दिसत असली तरी ती मागच्या सपाट रस्त्यावरून काढलेली असू शकते. 30 युनिटच्या बॅटरीत घाटाखाली निदान 25 टक्के हातात असावेत, हा माझा नेम आहे.

पाचवी पायरी : भरलेली बॅटरी आणि उतार यांची गाठ टाळावी

लोणावळ्यात मुक्काम होता. रात्री गाडी चार्जिंगला लावली आणि सकाळी 100 टक्के झालेली पाहून समाधानाने घाट उतरायला लागलो. पहिल्याच उतारावर पाय उचलला तर गाडी मंदावेना. लेव्हल 3 होती, तरी रीजन मर्यादित असल्याची सूचना स्क्रीनवर आली. भरलेल्या घागरीत आणखी पाणी घालता येत नाही, तसेच हे आहे : बॅटरीत जागाच नसल्याने गाडीने वीज घेणे जवळजवळ बंद केले होते. घाट ब्रेकवर उतरावा लागला आणि खाली थांबलो तेव्हा पुढच्या चाकांजवळ तापलेल्या पॅडचा उग्र वास येत होता. चूक सर्वस्वी माझी होती. ज्यांचा दिवस उताराने सुरू होतो, त्यांनी 85-90 टक्क्यांवर चार्जिंग थांबवावे. अनेक गाड्यांत ही मर्यादा स्क्रीनवर किंवा ॲपमध्ये ठरवून देता येते. बॅटरीच्या आयुष्यालाही ते मानवते. थंडीत पहाटे उघड्यावर उभी राहिलेली गाडीही पहिले काही किलोमीटर रीजन थोडे कमी देते, पण पुण्याच्या थंडीत त्याची काळजी करण्याचे कारण नाही.

पावसाळा

पहिल्या पावसात रस्त्यावर तेल आणि चिखल यांचा निसरडा थर असतो. रीजन ज्या चाकांना मोटार जोडलेली असते त्याच चाकांवर लागते, चारही चाकांवर सारखे नाही, म्हणून अशा दिवशी लेव्हल एकने कमी करावी. चाक घसरू लागले की एबीएससारखी (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी) यंत्रणा रीजन कमी करते आणि त्या क्षणी गाडी अचानक मोकळी सुटल्यासारखी वाटते. घाबरून न जाता ब्रेक नेहमीसारखा दाबावा. समोर अडथळा आला तर लेव्हलचा विचारही करू नये, ब्रेक पूर्ण दाबावा. मोटारीच्या रीजनला मर्यादा आहे आणि जीव वाचवण्याचे काम डिस्क व पॅडचेच आहे.

ते डिस्क आणि पॅड वापरलेच गेले नाहीत तर पावसाळ्यात गंजतात. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर मागे कोणी नाही हे पाहून लेव्हल 0 करावी आणि ताशी 50 वरून तीन-चार वेळा ठामपणे ब्रेक लावावा. ज्या गाड्यांत पेडलसुद्धा आधी रीजन घेते तेथे ब्रेक थोडा अधिक जोराने लावावा लागतो. गंजाचा पातळ थर घासून निघतो, सुरुवातीची खरखर थांबते. पॅड झिजले नाहीत म्हणून ब्रेक ऑइल बदलायचे टाळू नये. ते हवेतला ओलावा शोषून घेते आणि त्याचा पॅडच्या झिजेशी संबंध नाही. गाडीच्या पुस्तकात दिलेली मुदत पाळावी.

शेवटची पायरी : आपले आकडे आपण काढावेत

जाहिरातीतली रेंज बहुधा एआरएआय या वाहनांची चाचणी करणाऱ्या संस्थेच्या चाचणीची असते. 1966 मध्ये स्थापन झालेली ही संस्था आपल्याच वेताळ टेकडीवर आहे. तिच्या प्रयोगशाळेत गाडी रोलरवर, वेगाच्या ठरावीक आराखड्यानुसार चालवली जाते, म्हणजे दोन गाड्यांची तुलना न्याय्य होते. तुमचा रस्ता, तुमचा पाय आणि तुमचा एसी त्या आराखड्यात नसतात.

म्हणून एक वही करावी. एक आठवडा लेव्हल 0 वर आणि पुढचा आठवडा लेव्हल 2 वर, त्याच रस्त्याने, त्याच वेळेला, एसी त्याच तापमानावर ठेवून जावे. सुरू करण्यापूर्वी टायरमधली हवा तपासावी, कारण हवा कमी असेल तर रीजनने वाचवलेले सगळे टायर खाऊन टाकतो. रोज घरी पोहोचल्यावर ट्रिप मीटरवरचा ‘वॉट-तास प्रति किलोमीटर’ हा आकडा लिहावा आणि ट्रिप शून्यावर आणावी. पाऊस, मोर्चा, पालखीमुळे वळवलेला रस्ता असे काही घडले असेल तर त्या दिवसापुढे खूण करून तो आकडा सरासरीत धरू नये. ज्यांच्या गाडीत ब्रेकचे पेडलही वीज परत देते त्यांना दोन आठवड्यांत फारसा फरक दिसणार नाही. त्यांनी लेव्हल न बदलता एक आठवडा नेहमीसारखे आणि एक आठवडा दूरवर पाहून, पाय लवकर सैल सोडून चालवावे. माझ्या वहीत पहिल्या आठवड्याची सरासरी 158 आणि दुसऱ्याची 134 आली. तिसऱ्या आठवड्यात लेव्हल तीच ठेवून फक्त सिग्नल दिसताच पाय सैल सोडत गेलो, तेव्हा ती 126 झाली.